चेडवाच्या मानेवरचं भोक

काका, सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मला मुलगी झाली, आता साडेपाच महिन्यांची आहे. जन्मली तेव्हाच तिच्या मानेवर उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या थोडं वर, टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. त्यातून अधूनमधून चिकट पाण्याचा थेंब येतो. एप्रिलमध्ये तिथे लाल झालं, सुजलं, ताप आला. एका दवाखान्यात चीर देऊन पू काढला. आठ दिवसांत बरं वाटलं, पण आता पुन्हा थेंब सुरू झालाय. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून टाका. शेजारी म्हणतात मोठेपणी आपोआप बुजतं. एकाने बिब्ब्याचा डाग द्यायला सांगितलंय. सासूबाईंचं वेगळंच. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण होतं, आणि वेध लागलेले असताना मी विळीवर बांगडे कापले. "गिराणात आदाळो धरलंस, म्हणान चेडवाच्या मानेक भोक पडला," हे मी पाच महिने ऐकतेय. माझ्या नवऱ्याच्या कानापुढेही जन्मापासून बारीक भोक आहे, ते मात्र भाग्याचं लक्षण! (ह्यांना हाक दोनदा मारावी लागते, तेही बहुतेक भाग्यच.) एवढ्या लहान जिवाला भूल द्यायची मला भीती वाटते. माझ्या मावसबहिणीच्या मुलाच्या गळ्यातली गाठ मुंबईला काढली होती, ती दोन वर्षांत परत आली. आमचंही तसंच झालं तर? आणि मुलीच्या जातीला मानेवर व्रण... काय करू?

— एक आई

*

पोरी, काका म्हटलंस म्हणून एकेरीत लिहितो.

आधी त्या आदाळ्याचा निकाल लावू. ते टोचणं मनात राहिलं तर मी पुढे काहीही लिहिलं तरी तुझ्या डोक्यात शिरायचं नाही.

ते ग्रहण ७ सप्टेंबर २०२५ चं, भाद्रपद पौर्णिमेचं. खग्रास होतं. तुझी मुलगी दिवस भरून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली असं धरतो, म्हणजे ग्रहणाच्या रात्री तुला सहावा महिना संपत आला होता. आता बाळाच्या मानेची बांधणी कधी होते? गर्भ राहिल्यापासून साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात. बोटं मोजून बघ. तुझ्या बाबतीत ते येतं एप्रिलच्या मध्यापासून मेच्या दहा-बारा तारखेपर्यंत, अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे. तुमच्याकडे तेव्हा हापूसच्या पेट्या भरायची घाई असणार. पाळी चुकून जेमतेम दहा दिवस झाले असतील तेव्हा हे काम सुरू झालं, आणि घरात सगळ्यांना गोड बातमी कळेपर्यंत आटोपलंही. सप्टेंबरात तू बांगडे कापत होतीस तेव्हा ते भोक चार महिन्यांचं जुनं होतं.

सासूबाईंना हा हिशेब तारखांसकट सांग. कालनिर्णय त्यांच्याच भिंतीवर आहे.

बांगड्यांचा विषय निघालाच आहे, तर त्यांच्यावरूनच पुढचं सांगतो. बाजारात मासा ताजा आहे की नाही हे तू कल्ला उचलून बघतेस ना? गर्भाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात माणसाच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंनाही कमानींसारखे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये चर असतात. माशात त्यांचे कल्ले होतात. आपल्यात त्यांचा जबडा होतो, कानातली इवली हाडं होतात, गळ्यातलं जिभेखालचं हाड होतं, घशाचे स्नायू होतात. यातली दुसरी कमान खाली वाढत येते आणि तिच्याखालचे चर झाकून टाकते. आत जी पोकळी उरते ती पुढे बुजून जाते. पोफळीच्या बागेत जुना पाट बुजवून वर माती ओढतात तसंच. कधीकधी पाट वरून बुजतो आणि आत राहतो, मग बाहेर कुठेतरी झिरपतं. तुझ्या मुलीचं नेमकं हेच झालंय. कुणी भोसकलेलं नाही, कापलेलं नाही. बुजायचं राहून गेलं.

डॉक्टरांच्या कागदावर याला ब्रँकियल सायनस (आत बंद होणारी नळी) किंवा फिस्च्युला (दोन्ही टोकांना उघडी नळी) असं लिहिलेलं दिसेल. मानेच्या खालच्या भागात, बाजूच्या मोठ्या स्नायूच्या पुढच्या कडेला असलेलं भोक म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या कमानीचंच. या जातीच्या दोषांत तेच सर्वांत जास्त दिसतं. दहातल्या एखाद्या मुलात दोन्ही बाजूंना असतं, म्हणून डाव्या बाजूलाही चांगल्या उजेडात एकदा बघून ठेव.

आता तुझ्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य, जे तू चेष्टेत लिहून पुढे गेलीस. नवऱ्याच्या कानापुढचं भोक, आणि हाक दोनदा मारावी लागते.

कानापुढे बारीक भोक पुष्कळ लोकांना असतं. नुसतं तेवढंच असेल तर त्याचा सहसा काही त्रास नसतो आणि भाग्याशीही काही संबंध नसतो. पण बापाला कानापुढे भोक, ऐकू कमी, आणि मुलीच्या मानेवर असा सायनस, हे तीन एका घरात आले की आम्ही डॉक्टर लोक खुर्चीत सरळ बसतो. गळ्याच्या या कमानी, कान आणि मूत्रपिंडं यांच्या घडणीत काही जनुकं सामायिक असतात. त्यातल्या एकात बिघाड असला तर तिन्ही ठिकाणी थोडंथोडं दिसू शकतं आणि ते बापाकडून किंवा आईकडून मुलात उतरतं. प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. तुमच्याकडे ते आहेच असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय सोडू नका, एवढंच म्हणतो. मुलीची ऐकण्याची चाचणी करून घे, तिला सगळे 'बेरा' म्हणतात. बाळ झोपेत असताना डोक्याला तारा लावून करतात, दुखत नाही. सोबत पोटाची सोनोग्राफी करून दोन्ही मूत्रपिंडं बघून घ्यायची. ऐकण्यात काही उणं असलं तर ते सहा महिन्यांच्या आत कळणं आणि तीन वर्षांनी "पोर बोलत नाही" म्हणून कळणं, यात तिच्या अख्ख्या आयुष्याचा फरक पडतो. मानेवरचं भोक चार महिने थांबेल. ही चाचणी थांबायची नाही.

आणि एक. हे वाचून घरात उलटा हल्ला करू नकोस. "बघा, तुमच्या मुलाकडूनच आलं" असं म्हणायचा मोह होईल, पण जनुकं कुणी निवडून घेत नाही. सासूबाईंनी ग्रहण काढलं, तू कान काढशील, आणि चेडू मध्ये रडत बसेल.

हे आपोआप बुजतं का? नाही. आतल्या नळीला आतून पाझरणारं अस्तर असतं. तोंड बुजलं तरी आत पाणी साचतं, जंतू शिरतात आणि पिकतं. एप्रिलमध्ये ते तुम्ही पाहिलंच. दवाखान्यात चीर दिली याबद्दल मी बोट दाखवणार नाही, पू भरला की तो बाहेर काढावाच लागतो. पुन्हा तशी वेळ आली तर मात्र त्याच दिवशी जा, औषध लवकर सुरू झालं तर बहुतेक वेळा चिरावं लागत नाही, आणि पू झालाच तर आधी सुईने ओढून घेता येईल का ते विचार. प्रत्येक चिरेनंतर आतलं मांस एकमेकांना चिकटतं आणि पुढे सर्जनला नळी वेगळी करताना जड जातं. तोवर भोक ओल्या मऊ कापडाने टिपत जा, दाबून पिळू नकोस.

बिब्ब्याचं नाव काढणाऱ्याला चहा पाजून वाटेला लाव. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, मोठ्या माणसाचीही. तान्ह्या मुलीच्या मानेवर ते लावलं तर भोकाचं तोंड भाजून बुजेल, नळी आत तशीच राहील आणि वर कायमचा काळा डाग. ज्या व्रणाची तुला धास्ती आहे तो ऑपरेशनने पडेल त्याच्या दहापट वाईट.

म्हणजे ऑपरेशन करायचं. पण घाईने नाही आणि दोनदा नाही. सगळा पाट एकदाच, मुळापर्यंत काढायचा. ही नळी कुठवर जाते ते ऐकलंस की हे काम कुणाकडेही का करू नये हे तुझं तुलाच कळेल. भोकापासून ती वर चढते, मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी जिथे दोन फाट्यांत विभागते त्या फाट्यांमधून जाते, जिभेला हलवणाऱ्या नसेच्या वरून जाते आणि टॉन्सिलच्या खोबणीपाशी आत उघडते. सगळ्यांत ती इतकी लांब नसते, काहींत मध्येच संपते. पण किती लांब आहे हे सर्जनला उघडल्यावरच नीट कळतं. भोकाभोवती छोटा आडवा छेद घेतात, भोकातून बारीक सळई किंवा निळा रंग घालतात आणि त्या खुणेवर नळी सोडवत वर जातात. खालच्या छेदातून वरपर्यंत हात पोचत नसेल तर वर दुसरा लहान आडवा छेद घेतात, शिडीच्या पायऱ्यांसारखा. एकच लांब उभी चीर देण्यापेक्षा हे कितीतरी बरं. एक-दोन दिवस दवाखान्यात राहायचं. बाळं त्याच संध्याकाळी पितात, आपणच दोन दिवस जेवत नाही.

नीट झालेल्या पहिल्या ऑपरेशननंतर हे परत उद्भवण्याचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास. आधी अर्धवट काढलेलं असेल किंवा पिकलेलं असेल तर ते वाढतं, वीसपर्यंतही जातं. म्हणून पिकणं होऊ न देता ऑपरेशनपर्यंत पोचायचं. सूज पूर्ण उतरल्यावर निदान सहा-आठ आठवडे जाऊ द्यायचे. यंदा अधिक महिना आल्याने गणपती सप्टेंबरच्या मध्यावर गेलेत. माझं विचारशील तर पावसाळ्यातला सर्दी-खोकला आणि गणपतीची धावपळ मागे पडू दे, ऑक्टोबर-नोव्हेंबर धर. मुलगी दहा-अकरा महिन्यांची होईल, अंगाने भरेल. मधल्या काळात पुन्हा पिकलं तर सर्जन म्हणतील तसं पुढे-मागे करायचं.

भुलेचं. २०१६ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी इशारा दिला होता की तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा लांब किंवा वारंवार भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. तो इशारा फिरत फिरत आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला तोवर "भूल दिली की पोर मंद होतं" असा झाला. त्यानंतर तान्ह्या मुलांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सरासरी तासाभराच्या आत संपलेली पूर्ण भूल मिळालेली मुलं आणि भूल न देता कमरेखालचा भाग बधिर करून ऑपरेशन झालेली मुलं, पाच वर्षांची झाल्यावर बुद्धीच्या चाचण्यांत सारखीच निघाली. तुझ्या मुलीचं ऑपरेशन साधारण तास-दीड तासाचं, एकदाच. याची भीती मी धरणार नाही. मी चौकशी करेन ती वेगळ्या गोष्टीची: तिथे लहान मुलांना रोज भूल देणारे डॉक्टर आहेत का?

भुलेच्या आधी पोट रिकामं हवं, आणि इथे घरातली माणसं फसवतात. आईचं दूध चार तास आधीपर्यंत, वरचं दूध सहा तास आधीपर्यंत, नुसतं पाणी कधी द्यायचं ते भुलेचे डॉक्टर सांगतील. माझ्या वॉर्डात एका आजीने सकाळी सातला गुपचूप बाळगुटी चाटवली, वर दोन चमचे गाईचं दूध. "पोराच्या जीवाला शोष पडलो," म्हणाली. ऑपरेशन रद्द, आठ दिवस मुक्काम वाढला. खरं सांगितलं म्हणून मी तिचे आभार मानले. लपवलं असतं तर ते दूध भुलेत फुफ्फुसात जायचा धोका होता. तेव्हा सासूबाईंना हे आधीच समजावून ठेव.

मावसबहिणीच्या मुलाचा प्रकार वेगळा आहे. तू गाठ 'गळ्यात' लिहिलीस, म्हणजे बहुधा मधोमध, आणि गिळताना किंवा जीभ बाहेर काढताना वर सरकणारी. थायरॉइड ग्रंथी जिभेच्या मुळाशी जन्माला येते आणि गर्भाच्या सातव्या आठवड्यापर्यंत खाली गळ्यात आपल्या जागी येते. येताना तिच्यामागे एक बारीक वाट राहते. ती मिटली नाही तर वाटेत कुठेतरी पाण्याची गाठ होते. ही वाट जिभेखालच्या हायॉइड हाडाला चिकटून, कधी त्याच्या आरपारही जाते. नुसती गाठ सोलून काढली तर वाट मागे राहते आणि जवळपास निम्म्या मुलांत गाठ परत येते. सिस्ट्रंक नावाच्या अमेरिकन सर्जनने १९२० साली दाखवलं की गाठीबरोबर त्या हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या मुळापर्यंतचा गाभा काढायचा. तेव्हापासून ते ऑपरेशन त्याच्याच नावाने होतं, आणि मग परत येण्याचं प्रमाण शंभरात पाचच्या घरात येतं. हाडाचा तो तुकडा गेल्याने बोलण्या-गिळण्यात काही फरक पडत नाही. बहिणीला जुना कागद काढून बघायला सांग, त्यात 'सिस्ट्रंक' लिहिलंय का. नसेल तर दुसऱ्यांदा ते पूर्ण करून घ्यायचं. आणि कुणीही चाकू लावण्याआधी सोनोग्राफीत थायरॉइड आपल्या जागेवर दिसायलाच हवी. क्वचित ती मधली गाठ हीच मुलाची एकुलती एक थायरॉइड असते, आणि काढून टाकली तर जन्मभर गोळी.

सदर वाचणाऱ्या इतर आयांसाठी दोन ओळी, कारण मानेची गाठ दिसली की सगळे एकाच टोपलीत टाकतात. जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी मानेच्या बाजूच्या स्नायूत कडक गोळा लागला आणि बाळ मान एकीकडे कलती ठेवत असेल, तर तो बहुतेक वेळा नुसता स्नायूचा आखडलेपणा असतो. लवकर व्यायाम शिकून रोज केले तर फार थोड्यांना ऑपरेशन लागतं. मऊ, लिबलिबीत, मागून बॅटरी लावली तर उजेड आरपार दिसणारी गाठ ही बहुधा लसवाहिन्यांची (लिम्फ वाहणाऱ्या नळ्यांची), तिच्यात औषधाचं इंजेक्शन देऊन ती आकसवता येते. मात्र कुठल्याही गाठीने बाळाला श्वासाला घरघर होत असेल, दूध ओढता येत नसेल किंवा गाठ एका दिवसात फुगली, तर सल्ला विचारत बसू नका, १०८ ला फोन करा.

कुठे जायचं हा तुझा शेवटचा प्रश्न लिहिला नव्हतास, पण तो असणारच. 'पेडियाट्रिक सर्जन', म्हणजे लहान मुलांचे सर्जन, हे दोन शब्द लक्षात ठेव, नुसते सर्जन नकोत. देवगडहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ. नातेवाईक मुंबईत असतील आणि राहायची सोय असेल तर परळचं वाडिया आणि केईएम. पहिल्याच भेटीत विचार, "अशी किती केलीत?" चांगला सर्जन याचा राग मानत नाही. बेरासाठी आधी जिल्हा रुग्णालयात जा. जन्मतः दोष असलेल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तिथे फुकट होते, अंगणवाडी ताईंना विचार. खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेव, आणि दाखल व्हायच्या आधीच तिथल्या आरोग्यमित्राला गाठून विचार की हे महात्मा फुले योजनेत बसतं का. दाखल झाल्यावर विचारलं की कागद अडतात.

व्रणाचं राहिलं. मानेच्या आडव्या घडीत बारीक रेघ राहील, पहिले सहा महिने लालसर दिसेल, मग फिकी पडेल. वीस वर्षांनी ती शोधायला कुणी इतकं जवळ आलं, तर त्याला व्रणापेक्षा दुसरंच काहीतरी बघायचं असेल.

जाताना एप्रिलमधल्या दवाखान्याचा कागद ने, भोकातून थेंब येताना मोबाइलवर काढलेला फोटो ने. आणि नवऱ्याला ने, त्याचेही कान तपासायचेत. हाक दोनदा मारावी लागली तरी चालेल.